पीट पॉसलथ्वेटचे तीन बाप आणि तुमचा वॉचमन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी तो थोडक्यात सांगतो. तुम्ही इचलकरंजीचे, वय एकोणतीस. राज्य नाट्य स्पर्धेतून पुढे आलात आणि चार वर्षांपासून मुंबईत आहात. रंग रापलेला, चेहरा रुंद हाडाचा. आजवर मिळालेली कामं म्हणजे हमाल, ट्रक ड्रायव्हर, हवालदार आणि तीन वेळा वॉचमन. आता एका मालिकेत चौथा वॉचमन आलाय, सहा दिवसांचं काम. कुणीतरी तुम्हाला म्हणालं, 'इंग्लंडचा पीट पॉसलथ्वेट असल्याच चेहऱ्यावर ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, तू कशाला रडतोस?' म्हणून तुम्ही विचारताय की त्याचं नेमकं कसं जमलं आणि तुम्ही ही कामं घेत राहायची की नाकारायला लागायचं.

मी सत्तावीस वर्षं चरित्र अभिनेता म्हणून काम करतोय, जास्त करून रंगभूमीवर. गेली बारा वर्षं शिकवतोही. वडील परळला गिरणीत साचेवाले होते, म्हणजे माग चालवणारे विणकर (गिरणीत मागाला साचा म्हणतात). पॉसलथ्वेटची कामं मी शिकवताना वारंवार वापरतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. (त्याच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये पहिल्या 'एस'नंतर 'टी' आहे, पण तो उच्चारात येत नाही. म्हणून पॉसलथ्वेट. शोधताना काही ठिकाणी पोस्टलथ्वेट असंही सापडेल.)

'घेऊ की नाकारू' याच्या खाली तुमचा खरा प्रश्न दडलाय असं मला वाटतं. चौथा वॉचमन केल्यावर तुमच्याकडे असं काय उरणार आहे, जे तिसरा करून उरलं नव्हतं? याचं उत्तर देता येत असेल तर काम घ्यावं. देता येत नसेल तर पैशांसाठी घ्यावं, त्यात काही वावगं नाही, पण मग त्याला करिअरची पायरी समजू नये. पॉसलथ्वेटकडून शिकायचं ते इथंच आहे. त्यानं आयुष्यभर कष्टकरी माणसं केली, पण 'कामगार' नावाचा एक साचा करून तो दर वेळी वापरला नाही.

आधी वयाचं बोलू, कारण तुमच्या प्रश्नात घाई दिसते. तो ७ फेब्रुवारी १९४६ला वॉरिंग्टनमध्ये जन्मला. लिव्हरपूल आणि मँचेस्टर यांच्या मधलं हे औद्योगिक गाव. तिथं तार ओढायचे कारखाने इतके होते की गावच्या रग्बी संघालाच लोक 'वायर' म्हणतात. घर कॅथलिक, कष्टकरी. तो आधी शिक्षक झाला, मँचेस्टरच्या एका कॉलेजात नाटक शिकवत होता. नंतर ब्रिस्टल ओल्ड व्हिकच्या नाट्यशाळेत गेला. सिनेमात ज्या कामामुळे जाणकारांनी मान वळवून पाहिलं ते १९८८चं, तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. त्याआधी पडद्यावर त्यानं छोटी कामं केली होती. १९८४च्या एका विनोदी चित्रपटात तो खाटीक होता. वर आलेली गालफडं, मोठं नाक आणि खोल गेलेले डोळे तेव्हाही तसेच होते. नुसत्या चेहऱ्यावर भागलं असतं तर बेचाळिशीपर्यंत वाट पाहावी लागली नसती.

मधली वर्षं गेली रंगभूमीवर, आणि त्यातली सत्तरच्या दशकातली वर्षं लिव्हरपूलच्या एव्हरीमन थिएटरमध्ये. होप स्ट्रीटवरचं हे नाट्यगृह १९६४ साली सुरू झालं. पॉसलथ्वेटच्या काळात तिथल्या कंपनीत ज्युली वॉल्टर्स, बिल नाय, जोनाथन प्राइस, अँटनी शेर अशी मंडळी होती, सगळी तरुण, सगळी अनोळखी. विली रसेल आणि ॲलन ब्लीझडेलसारखे लिव्हरपूलचेच लेखक त्यांच्यासाठी लिहीत होते. याच थिएटरची एक तुकडी व्हॅनमध्ये बसून पबमध्ये आणि वस्तीतल्या हॉलमध्ये प्रयोग करायला जायची. पबमधला प्रेक्षक कसा असतो ते डोळ्यांपुढे आणा. हातात ग्लास, पाठ तुमच्याकडे, दिवसभर गोदीत नाहीतर कारखान्यात राबून आलेला. आता त्याच्यासमोर त्याचाच शेजारी उभा करायचाय. खोटं काही केलं तर तो तिथल्या तिथं सांगणार. आपल्याकडे जत्रेत तंबूत किंवा वस्तीतल्या मैदानावर ज्यांनी प्रयोग केलेत त्यांना हा धाक ठाऊक आहे. कष्टकरी माणूस कष्टकरी माणसासमोर उभा करण्यासारखी दुसरी शाळा मला माहीत नाही.

पुढे तो रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेला. १९८६ साली 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये त्यानं बॉटम केला. बॉटम कोण? विणकर. त्या नाटकातल्या त्या सगळ्या टोळीला शेक्सपिअरनं एकेक धंदा दिलाय. एक सुतार, एक शिंपी, एक भांडी सांधणारा, एक भाते दुरुस्त करणारा. चारशे वर्षांपूर्वीच्या लेखकालाही 'गरीब माणूस क्रमांक तीन' असं लिहून चाललं नाही. मी विणकराचा मुलगा आहे, म्हणून मला याचं जरा जास्तच वाटतं हे कबूल करतो.

आता मुख्य गोष्ट. त्याची तीन कामं एकापाठोपाठ पाहा. तिन्ही बाप आहेत, तिघेही कष्टकरी, तिघेही त्याच्या स्वतःच्या वर्गातले. १९८८चा 'डिस्टंट व्हॉइसेस, स्टिल लाइव्ह्ज', १९९३चा 'इन द नेम ऑफ द फादर' आणि १९९६चा 'ब्रास्ड ऑफ'.

पहिला बाप लिव्हरपूलचा, चाळीस-पन्नासच्या दशकातला. दिग्दर्शक टेरेन्स डेव्हिस यांनी तो आपल्याच घरावरून घेतलेला आहे. हा बाप बायकोला मारतो, मुलांना मारतो. नाताळच्या आदल्या रात्री तो झोपलेल्या मुलांजवळ येतो, हळूच भेटवस्तू ठेवतो, आशीर्वाद पुटपुटतो. नाताळच्या दिवशी सगळे जेवायला बसलेत. बाप टेबलक्लॉथ मुठीत धरतो, ताटवाट्यांसकट खाली ओढतो आणि बायकोला ओरडून सांगतो, साफ कर. बहुतेक नट या दोन प्रसंगांमध्ये पूल बांधतील. रात्रीच्या मायेत थोडी भीती घालतील, दुपारच्या रागात थोडा पश्चात्ताप घालतील, म्हणजे प्रेक्षकाला माणूस 'समजेल'. पॉसलथ्वेट पूल बांधत नाही. रात्री तो पूर्ण मायाळू आहे, दुपारी पूर्ण भयंकर. मुलांना जसा दिसला असेल तसा. आणखी एका प्रसंगात तो घोड्याला खरारा करत गाणं म्हणतोय आणि मुलं वरून, गवताच्या माळ्यावरून, चोरून बघतायत. घोड्याच्या अंगावरून फिरणारा तो हात पाहून पोटात खड्डा पडतो, कारण हाच हात घरात काय करतो ते आपण पाहिलेलं असतं.

दुसरा बाप बेलफास्टचा, जुझेप्पी कॉनलन, खराखुरा माणूस. ५ ऑक्टोबर १९७४ला गिल्डफर्डच्या पबमध्ये बॉम्बस्फोट झाले आणि त्यासाठी जेरी कॉनलनसह चौघांना खोट्या पुराव्यावर जन्मठेप झाली. मुलाला वकील मिळवून द्यायला बेलफास्टहून आलेला बापही पकडला गेला. तो १९८० साली शिक्षा भोगतानाच वारला, आणि चौघं सुटले १९८९ साली. चित्रपटात बाप-लेक एका कोठडीत दाखवलेत, प्रत्यक्षात तसं नव्हतं, पण नटासाठी ती कोठडीच सगळं काही आहे. डॅनिएल डे-लुईसचा जेरी एका प्रसंगात बापावर भडाभडा ओकतो: लहानपणी फुटबॉलचं पदक जिंकून आलो तेव्हाही तू माझी चूकच काढलीस. त्या वेळी पॉसलथ्वेटकडे वाक्यं जवळजवळ नाहीतच. तो फक्त ऐकतो. मी वर्गात हा प्रसंग आवाज बंद करून दाखवतो आणि मुलांना सांगतो की डे-लुईसकडे पाहू नका, बापाच्या खांद्यांकडे पाहा. आजारी, फुप्फुसं गेलेला माणूस किती कमी हालतो ते पाहा. श्वास वाचवून वापरणाऱ्या माणसाची ती काटकसर आहे. या कामासाठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्कर नामांकन मिळालं. पुरस्कार टॉमी ली जोन्सना गेला.

तिसरा बाप डॅनी. यॉर्कशरमधला खाणकामगार, कोळशाच्या खाणीच्या ब्रास बँडचा संचालक. हा चित्रपट ग्राइमथॉर्प गावच्या खाणीवर आणि तिथल्या बँडवर बेतलेला आहे, आणि त्यातलं वादन त्याच बँडनं केलंय. खरी गोष्टही सिनेमासारखीच आहे. ऑक्टोबर १९९२मध्ये ब्रिटिश सरकारनं पन्नासपैकी एकतीस खाणी बंद करायचं जाहीर केलं, आणि त्याच आठवड्यात ग्राइमथॉर्पच्या बँडनं राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी खाण बंद झाली. ज्यांनी १८ जानेवारी १९८२चा गिरणी संप आणि नंतरचं गिरणगाव पाहिलंय, त्यांना हे दुसऱ्याचं वाटत नाही. आमच्याही चाळींमधून भजनी मंडळं होती, कामगार नाटकं होती. गिरण्या गेल्यावर त्यातली माणसं कुठं कुठं पांगली ते मी पाहिलंय.

पॉसलथ्वेटनं डॅनीचं काय केलं? त्यानं त्याला संगीतात अधिकार दिला. डॅनी गरीब आहे, त्याची छाती कोळशाच्या धुळीनं भरलीय, पण बँडसमोर उभा राहिला की तो गरीब नाही. बाहेरून आलेली एक मुलगी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर रॉड्रिगो या स्पॅनिश संगीतकाराची रचना वाजवते, तेव्हा त्याचा चेहरा पाहा. तो कौतुकाचं हसू हसत नाही. तिचा सूर लागतो, तशी त्याच्या भुवईची एक शीर सैल होते आणि हात आणखी शांत चालतात. अस्सल जाणकाराला आनंद झाला की तो असाच कमी हालतो. हे कळायला नटाला संचालकाचं काम कळावं लागतं. 'खाणकामगार' एवढ्या माहितीवर हे होत नाही.

आणि मग ती रात्र. डॅनी इस्पितळात आहे. खाली अंगणात बँडवाले जमतात, डोक्यावर खाणीतल्या टोप्या, टोप्यांवरचे दिवे पेटलेले, आणि ते 'डॅनी बॉय' वाजवतात. शेवटी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये जिंकलेली ट्रॉफी नाकारून तो बोलतो की संगीतच महत्त्वाचं आहे असं मला आयुष्यभर वाटत होतं, पण माणसांपुढे ते काहीच नाही. चंबावंबा या बँडनं पुढच्याच वर्षी आपल्या गाजलेल्या गाण्याच्या अल्बममधल्या आवृत्तीत सुरुवातीला हे बोलणं त्याच्याच आवाजात वापरलं. त्या भाषणात त्याचा आवाज कुठं चढत नाही हे लक्ष देऊन ऐका. सभेतलं भाषण करायची सवय नसलेला, पण अख्ख्या बँडला नुसत्या नजरेनं गप्प करायची सवय असलेला माणूस जसा बोलेल, तसा तो बोलतो.

तीन बाप, तीन बोली. लिव्हरपूलची वेगळी, बेलफास्टची अगदीच वेगळी, दक्षिण यॉर्कशरची आणखी वेगळी. यातली एकही वॉरिंग्टनची नाही. आपल्याकडे एखादा नट आठ वर्षांत मालवणी, वऱ्हाडी आणि अहिराणी बाप करेल आणि त्या त्या भागातल्या माणसाला ते खरं वाटेल, असं समजा. 'तो कष्टकरी घरातला होता, म्हणून त्याला जमलं' असं लोक म्हणतात तेव्हा ही मेहनत पुसली जाते आणि मला त्याचा राग येतो. घरातून त्याला मिळालं ते एवढंच की या माणसांकडे तो वरून पाहत नव्हता. बाकी सगळं कमावलेलं आहे.

नावाबद्दलही सांगतो, कारण तुम्ही शेवटी विचारलंय की आडनाव बदलू का. त्यालाही सुरुवातीला आडनाव बदलायचा सल्ला मिळाला होता. एवढं लांबलचक नाव थिएटरच्या दर्शनी दिव्यांत लावायला वीज परवडणार नाही, असं लोक म्हणायचे. त्यानं बदललं नाही. तुम्हीही बदलू नका असं मी म्हणणार नाही, तो तुमचा घरचा प्रश्न आहे. पण आडनावामुळे कामं अडतात हे कारण मला पटत नाही.

१९९५पासून त्याच्यापुढे दारं उघडली. थंड रक्ताचा वकील, शेक्सपिअरचा पाद्री, डायनोसॉरच्या मागावरचा शिकारी. स्पीलबर्गनं त्याला जगातला सर्वोत्तम नट म्हटलं. पॉसलथ्वेटनं ते कधी मिरवलं नाही. या काळाबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण तुम्हाला त्याचा आज उपयोग नाही. एवढंच पाहा की ही कामं त्याला 'कामगार सोडून' मिळाली नाहीत. जुझेप्पीच्या खांद्यांत आणि डॅनीच्या हातांत लोकांनी जे पाहिलं, त्याच्यामुळे मिळाली.

तो राहिला श्रॉपशरच्या ग्रामीण भागात, लंडनमध्ये नाही. मधेच मोठ्या चित्रपटांतून बाजूला होऊन 'स्कारामूश जोन्स' हे एका विदूषकाचं एकपात्री नाटक घेऊन तो देशोदेशी फिरला. २००८ साली, बासष्टाव्या वर्षी, तो शेक्सपिअरचा राजा लिअर करायला परत आला तो एव्हरीमनमध्येच. २००९ साली त्यानं सरकारला बजावलं की किंग्जनॉर्थला कोळशावरचं नवं वीज केंद्र काढलंत तर मला दिलेला सन्मान मी परत करीन. काहींना वाटतं डॅनी करणाऱ्या नटानं कोळशाविरुद्ध बोलणं ही विसंगती आहे. मला नाही वाटत. डॅनी कोळशावर प्रेम करत नव्हता, कोळशानं तर त्याची छाती खाल्ली होती. २ जानेवारी २०११ला, चौसष्टाव्या वर्षी, कर्करोगानं पॉसलथ्वेट गेला.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सरळ सांगतो. त्याच्या तरुणपणी ब्रिटनमध्ये गावोगावी अनुदान मिळणारी नाट्यगृहं होती, त्यांच्या स्वतःच्या पगारी कंपन्या होत्या. एका नटाला सलग वर्षभर, आठवड्याच्या पगारावर, वेगवेगळी कामं करता यायची. टीव्हीवर कष्टकऱ्यांच्या आयुष्यावरची स्वतंत्र नाटकं लिहून घेतली जायची. लेखक, दिग्दर्शक आणि नट एकाच मातीतले असण्याचा योग त्याला मिळाला. तुम्हाला यातलं काहीही आयतं मिळणार नाही. तुम्ही दिवसाच्या हिशोबानं काम करता, पैसे नव्वद दिवसांनी येतात, कधी येतही नाहीत. माझे सुरुवातीच्या एका मालिकेचे अकरा दिवसांचे पैसे आजही आलेले नाहीत. घरी पैसे पाठवावे लागत असतील तर 'भूमिका निवडून घ्या' हा सल्ला तुम्हाला देणं निर्दयपणाचं आहे. तो मी देत नाही. डोक्यावर भाड्याचं ओझं असलेल्या माणसानं वॉचमन घ्यावा, हवालदार घ्यावा, जे येईल ते घ्यावं.

कंपनी मिळत नसली तरी एव्हरीमनमधलं एक सूत्र इथं वापरता येतं: आपल्या भागातला लेखक शोधा. इचलकरंजीत, कोल्हापुरात तुमच्या वयाचं कुणीतरी यंत्रमागावरच्या माणसांबद्दल लिहीत असेलच. दोन महिन्यांतून एकदा जा, त्याचं लेखन मोठ्यानं वाचून दाखवा, त्याला तुमचा आवाज ऐकू द्या. पुढच्या वेळी तो लिहिताना तुमचाच आवाज ऐकेल. मालिकेचा लेखक तुमच्यासाठी वॉचमनच लिहिणार, कारण त्यानं तुम्हाला दुसरं काही बोलताना ऐकलेलंच नाही.

आणि आता खुद्द वॉचमन. माझ्या वर्गात एक मुलगा गिरणी कामगाराचा उतारा घेऊन आला होता. पाठीत पोक, खांद्यावर टॉवेल, आवाज खोल, नजर जमिनीवर. मी त्याला थांबवून विचारलं, 'पाळी कुठली तुझी, पहिली की तिसरी?' तो म्हणाला, 'लिहिलेलं नाही.' 'खातं कुठलं? साच्याचं की बांधणीचं? कायम आहेस की बदली? पगार कधी झाला? कुठल्या कानानं कमी ऐकू येतं?' तो गप्प. मी त्याला माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. साचेखात्यात एवढा आवाज असतो की तिथं कानानं बोलणं कळत नाही, ओठ वाचावे लागतात. वडील घरीसुद्धा आम्ही बोलायला लागलो की तोंडाकडे बघायचे, डोळ्यांत नाही. आणि स्वतः साधं 'मीठ दे' म्हणाले तरी ओरडल्यासारखं यायचं. नव्या पाहुण्याला वाटायचं, माणूस रागीट आहे. तो मुलगा दुसऱ्या दिवशी परत आला. पोक गेला होता, टॉवेल गेला होता. समोरच्याच्या ओठांकडे पाहत तो जरा जास्तच मोठ्यानं बोलत होता. वर्गात टाचणी पडली तर ऐकू आली असती.

हे का चालतं ते सांगतो. दारिद्र्य हे काही दाखवायचं कौशल्य नाही. ते सगळ्यांचं साधारण सारखंच दिसतं, म्हणून ते करणारे नटही सारखेच दिसतात आणि कुणाच्याही जागी कुणीही चालतो. पण काम हातात दिसतं. धोट्यातली संपलेली कांडी बदलणाऱ्याचा हात, गोणी पाठीवर घेणाऱ्याची मान, खाणीत वाकून चालणाऱ्याचे गुडघे, हे सगळे वेगवेगळे असतात. पॉसलथ्वेटच्या तिन्ही बापांत हे आहे. घोड्यावर फिरणारा हात, श्वास वाचवणारी छाती, बँडसमोरचं मनगट.

तेव्हा थोडक्यात माझं मत असं: काम घ्या, पण पहिल्या तीन वॉचमनसारखं घेऊ नका. दिग्दर्शकाशी चर्चा करायची संधी सहा दिवसांच्या कामात मिळत नाही, मिळवायलाही जाऊ नका, त्यांची घाई असते. जे करायचं ते विचारायची गरज पडणार नाही एवढं लहान ठेवा.

माझे वडील संपानंतर सात वर्षं दादरच्या एका सोसायटीत वॉचमन होते. स्टुलावर बसायचे. कुणी गाडीतून काही विचारलं तर खाली वाकून त्याच्या ओठांकडे बघायचे. पाण्याचा पंप अचानक बंद पडला की झोपेतून जागे व्हायचे, कारण साचा थांबला म्हणजे धागा तुटला, हे त्यांच्या अंगात होतं. आणि सोसायटीची रद्दी बांधताना सुतळीला गाठ मारायचे ती विणकराची, लहान, चपटी, फणीत न अडकणारी. रद्दीला तशी गाठ कशाला लागते? पण दुसरी गाठ त्यांच्या बोटांना येतच नव्हती. त्यांना येता-जाता पाहणाऱ्या कुणाला कळलं नसेल की हा माणूस चार साचे चालवत होता. सिनेमाच्या पडद्यावर मात्र ते कळलं असतं, कॅमेरा बोटांपर्यंत जातो.

तुम्ही इचलकरंजीचे आहात. जॉबर, कांडीवाले, घडीवाले, दिवाणजी हे तुम्ही लहानपणापासून पाहिलेत, कदाचित तुमच्या घरातच आहेत. त्यातलाच कुणीतरी माग भंगारात गेल्यावर मुंबईला आला आणि या मालिकेतल्या बंगल्याच्या गेटवर बसला, असं धरून चाला. तो कोण, ते नावानिशी ठरवा. त्याचे हात आठवा. शूटिंगच्या आधी दोन दिवस मिळत असतील तर घरी जाऊन त्या माणसाशेजारी बसा, प्रश्न विचारू नका, नुसते हात पाहा. मग गेट उघडायची तुमची पद्धत ठरवा आणि सहा दिवस तीच ठेवा.

संहितेची पानं आली की गेटवरचा पहिला प्रसंग मला पाठवा. त्यात वॉचमनला वाक्य नसलं तरी पाठवा.